गोव्यात ओडीसी माल हलवायचा तर: मोजमापापासून चौथऱ्यापर्यंत

ओडीसी म्हणजे ओव्हर-डायमेन्शनल कार्गो, नियमाच्या मापांत न बसणारा माल. शंभर टनांचा ट्रान्सफॉर्मर ओढणारी गाडी भाड्याने मिळते. मिळत नाही तो रस्ता. गोव्यात तर रस्त्याच्याही आधी पूल बघावा लागतो. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या नद्यांनी हा चिंचोळा मुलूख आडवा कापला आहे, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या जड मालाला यांतल्या एक-दोन नद्या ओलांडाव्याच लागतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी माल, मग पूल, मग ट्रेलर, आणि सगळ्यात शेवटी पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी. पुष्कळ ठिकाणी हे उलटं होतं. हाताशी असलेली गाडी आधी ठरते आणि मग तिला चालेल असा रस्ता शोधत बसावं लागतं. दिवस आणि पैसे तिथेच जातात.

नदी आणि ट्रक यांचं जुनं नातं

खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, सांगे, कुडचडे भागातलं खनिज १० टनी टिपर जवळच्या धक्क्यापर्यंत न्यायचे. पुढचा प्रवास बार्जने (सपाट तळाच्या मालनौकेने), मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदराकडे. पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा बांध बार्जना बंद झाला की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. जड माल नदीने न्यायचा आणि ट्रकने फक्त धक्का गाठायचा, ही इथली जुनी आणि शहाणी पद्धत.

रस्त्याने सगळं न्यायला लागलो तेव्हा पुलांनी मर्यादा दाखवल्या. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या जुन्या जुवारी पुलावर पुढे जड वाहनांना बंदी आली आणि मडगाव-फोंडा मार्गावरच्या बोरी पुलाचा वळसा ट्रकवाल्यांच्या अंगवळणी पडला. २०१९ च्या जानेवारीत मांडवीवरचा अटल सेतू आला. नव्या जुवारी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वी आखलेला कुठलाही ओडीसी मार्ग आज जसाच्या तसा वापरू नका.

गाड्याही बदलल्या. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज आली, लेलँड आली, आणि कित्येक वर्षं डोझर असो की बॉयलर, पाट्यांच्या स्प्रिंगचा लो-बेड (बसक्या डेकचा ट्रेलर) आणि लाकडी स्लीपर (चौकोनी ओंडके) यांवरच काम भागायचं. स्प्रिंगच्या ट्रेलरची अडचण साधी आहे: रस्ता वर-खाली झाला की एखाद्या एक्सलवर जास्त भार येतो आणि शेजारच्या एक्सलचं चाक जवळजवळ हवेत राहतं. हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलरमध्ये एकेका गटातले सगळे रॅम (चाकांवरचे तेलाच्या दाबाचे दट्टे) तेलाच्या नळ्यांनी जोडलेले असल्यामुळे भार आपोआप सारखा वाटला जातो. गोल्डहोफर, निकोलास, स्कॉयर्ले या नावांना मान मिळाला तो याच कारणाने.

पहिलं काम: मालाचं खरं माप

कॅटलॉगमधलं माप घेऊ नका. पॅकिंग, उचलण्याचे कान, जॅकिंग पॅड (जॅक लावायच्या जागा), बाहेर आलेले व्हॉल्व्ह हे सगळं धरून टेपने मोजा. चार गोष्टी लेखी हव्यात: लांबी-रुंदी-उंची, वाहतुकीचं वजन (ट्रान्सफॉर्मर असेल तर तेल काढून, बुशिंग आणि रेडिएटर उतरवून), गुरुत्वमध्य तिन्ही दिशांनी, आणि माल कुठे टेकवायचा, कुठे बांधायचा याचं ड्रॉइंग. गुरुत्वमध्य मिळाला नाही तर काम पुढे नेऊ नका. टाकीच्या मधोमध तो असतो असं धरून चालणं धोक्याचं, कारण आतला कोअर एका बाजूला सरकवून बसवलेला असू शकतो.

केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार गाडीची रुंदी मालासकट २.६ मीटर आणि साध्या ट्रकची लांबी १२ मीटर. उंचीची मर्यादा गाडीच्या प्रकारानुसार बदलते, पण ४ मीटर ओलांडलेत की परवानगीचा विचार सुरू करा. गोव्यात रोज हलणारा ओडीसी माल म्हणजे २० टनी एक्स्कॅव्हेटर. ६०० मिमी प्लेटचे पट्टे असतील तर त्याची रुंदी २.८ मीटर भरते, रुंद प्लेट असतील तर ३ मीटरच्याही पुढे. बूम दुमडून यंत्राची उंची साधारण ३ मीटर, खाली लो-बेडचा डेक ०.९ ते १ मीटर, म्हणजे चार मीटर झालेच. इथे अनेक जण ‘मशीनच तर आहे’ म्हणून परवानगीशिवाय निघतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीत बाहेर आला तरी २०,००० आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

पूल: इथेच सगळं ठरतं

प्रत्येक पुलासाठी तीन प्रश्न विचारा. तो कुठल्या भारासाठी बांधला? आज त्याची अवस्था काय? आणि मालक कोण, म्हणजे केंद्रीय रस्ते मंत्रालय, सार्वजनिक बांधकाम खातं, रेल्वे की आणखी कोणी?

भाराची भाषा इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६ या पूल-भाराच्या मानकातली. क्लास ए म्हणजे ५५.४ टनांची गाड्यांची रांग. ७०आर म्हणजे पट्ट्यांची ७० टनी किंवा चाकांची १०० टनी गाडी. अलीकडच्या आवृत्तीत हायड्रॉलिक ट्रेलरसाठी एसव्ही नावाचा ३८५ टनांचा खास भार आला: १८ टनांच्या २० एक्सल लाइन (चाकांच्या आडव्या रांगा) आणि पुढे पुलर. पण तो हिशेबात धरताना अट अशी आहे की गाडी पुलाच्या मध्यरेषेवरून, जास्तीत जास्त ३०० मिमी इकडे-तिकडे, ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने जाईल आणि त्या वेळी पुलावर दुसरं काही नसेल. ही अट पाळली नाही तर पुलाचा हिशेबच रद्द होतो, हे ड्रायव्हरला कागदावर नाही, पुलाच्या तोंडाशी उभं करून सांगा.

प्रत्यक्ष पार करताना असं करा. पुलाच्या २०० मीटर अलीकडे थांबा आणि ट्रेलरचा डेक आडवा सपाट करून घ्या. दोन्ही टोकांना वाहतूक बंद करा. मध्यरेषा खडूने किंवा चुन्याने आखा, तिच्यावरून एक माणूस पुढे पाठमोरा चालेल आणि ड्रायव्हर त्याच्याकडेच बघेल. एकदा पुलावर चढलात की गिअर बदलू नका, ब्रेक दाबू नका, थांबू नका. जड गाडीचा ब्रेक म्हणजे पुलाला पुढच्या दिशेने बसलेला धक्का, आणि बेअरिंगना तो सोसत नाही. ६०० मीटरच्या पुलाला ५ च्या वेगाने सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. पोलिसांना वाहतूक किती वेळ अडवायची ते आधी सांगता येतं, म्हणून हे गणित खिशात ठेवा.

दोन मार्ग समोर ठेवून बघा. मुरगावहून फोंड्याला जायचं असेल तर वेर्णा-बोरी मार्ग जवळचा, पण बोरीचा पूल जुना. नवा जुवारी पूल, आगशी, मेरशी, जुने गोवे, बाणस्तारी असा मार्ग लांबचा, शिवाय बाणस्तारीला कुंभारजुव्याचा कालवा ओलांडावा लागतो. तरीही माल ७०आरच्या वर गेला की लांबच्या मार्गापासून सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. बेळगावहून अनमोडमार्गे येणाऱ्याला मोले उतरल्यावर फोंड्याआधी खांडेपारची नदी लागते, तीही यादीत घ्या. चोर्ला घाट लांब ट्रेलरसाठी विचारातच धरू नका, त्याची वळणं त्यासाठी नाहीत. दक्षिणेला पोळेहून येताना काणकोणचा बाह्यवळण रस्ता छान आहे, पण पुढे करमल घाटातल्या वळणांवर ट्रेलरची लांबी तपासल्याशिवाय जाऊ नका.

आणि एक गोष्ट आवर्जून बघा: मुळात रस्ता हवा का? मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले, क्रमांक ६८, १११ आणि २७. माल मुरगावला जहाजाने येत असेल आणि जायचं ठिकाण नदीजवळ असेल तर सपाट डेकची बार्ज आणि जुन्या खनिज धक्क्यावर रॅम्प हा मार्ग दोन पूल वाचवतो. अडचण भरती-ओहोटीची. बार्जचा डेक आणि धक्का यांतला फरक ट्रेलरच्या स्ट्रोकमध्ये (डेक जेवढा वर-खाली होतो त्यात) बसला पाहिजे, आणि एकेक एक्सल लाइन बार्जवर चढेल तशी ती खाली जाते, म्हणून बॅलास्टचं (तोलासाठी बार्जमध्ये भरलेलं) पाणी पंपाने काढत राहावं लागतं. बार्जवर माल चढवताना भरती वर चढत असताना काम सुरू करा, उतरत असताना कधीच नाही. धक्क्याची अवस्था मात्र अभियंत्याकडून तपासून घ्या. खाणी थांबल्यापासून काही धक्क्यांकडे कोणी वळून बघितलेलं नाही.

रस्त्याची पाहणी

पाहणी दोनदा करा: एकदा दिवसा, एकदा ज्या वेळी माल जाणार त्या वेळी. सोबत फायबरचा मोजकाठीचा खांब, ५० मीटर टेप, कोन मोजायचं साधन आणि जीपीएसचा फोटो काढणारा फोन पुरेसा.

उंचीसाठी मोजकाठी मालाच्या भरल्या उंचीपेक्षा २०० मिमी जास्त ठेवून पायलट गाडीच्या पुढे बांधा. ती कुठेही टेकली की नोंद. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार ५.८ मीटरवर आणि ३३ केव्हीपर्यंतची ६.१ मीटरवर हवी. गावांत मात्र तार झोळ पडून खाली आलेली असते, आणि दुपारच्या उन्हात झोळ आणखी वाढतो. म्हणून तारांची उंची दुपारी मोजा. केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या तारा तर कुठल्याच नियमात नसतात. त्या बांबूने उचलून चालतं, पण विजेच्या तारेला बांबू लावायचा नाही, ओला बांबू वीज नेतो. तिथे वीज खात्याचा लाइनमन आणि शटडाउन हवाच. महामार्गाखालच्या बोगद्याला सहसा ५.५ मीटर मोकळी उंची असते, पण डांबराचा नवा थर चढला की तीही घटते. रेल्वे फाटकांवरची उंचीची कमान ४.६७ मीटरची. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे, तेव्हा फाटकावर माल उंच असेल तर २५ केव्हीच्या तारेचा ब्लॉक (वीज बंद ठेवायची ठरलेली वेळ) रेल्वेकडूनच घ्यावा लागतो.

फांद्यांसाठी स्वतःहून कोयता चालवू नका. गोव्यात १९८४ चा वृक्ष जतन कायदा आहे, वन खात्याची परवानगी लागते. रस्त्याला खेटून उभे खुरीस (क्रूस), घुमट्या, चॅपेलचे कट्टे यांची जागा फोटोसकट नोंदवा आणि वळण त्यांना सोडून आखा. पर्वरीत उड्डाण मार्गाचं काम सुरू असेल तर वाट पुन्हा पुन्हा वळवली जाते, तिथली पाहणी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा हवी.

वळणांवर अंदाजाने चालत नाही. ट्रेलरची लांबी, सुकाणूचा कोन आणि ड्रॉबार (ट्रेलर पुलरला जोडणारा दांडा) घेऊन वळणाचा नकाशा कागदावर काढा, मग तोच चुन्याने रस्त्यावर आखून बघा. दुभाजकाचा दगड काढावा लागतो की फक्त लोखंडी प्लेट टाकून वर चढता येतं, हे तिथेच कळतं. बाजूपट्टीवर चाक जाणार असेल तर जांभ्या मातीवर भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक वाटते आणि एका पावसात लोण्यासारखी होते. २० मिमीची स्टील प्लेट अंथरा.

ट्रेलरच्या लाइन किती?

२०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका लाइनवर, म्हणजे आठ टायरांवर, १८ टन चालतात, एका बाजूच्या एक्सलवर ९ टन. हे वजन ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट. एका लाइनचं स्वतःचं वजन ४ टन धरू.

माल १०० टन, ८ लाइन लावल्या: ट्रेलर ३२, एकूण १३२, प्रत्येक लाइनवर १६.५ टन. नियमात बसतं. १० लाइन लावल्या: ट्रेलर ४०, एकूण १४०, लाइनवर १४ टन. पुलर बॅलास्टसकट (पकडीसाठी त्यावर लादलेल्या जादा वजनासकट) २८ टन धरला तर पूर्ण वजन अनुक्रमे १६० आणि १६८ टन. राष्ट्रीय महामार्गावर १६९ टनांपर्यंतची परवानगी मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते, त्यापुढे प्रत्येक पुलाची स्वतंत्र तपासणी लागते. म्हणजे दोन्ही रचना आत बसतात.

मग १० का घ्याव्यात? रस्त्यात एका रॅमची नळी फुटली तर तो रॅम कॉक बंद करून वेगळा काढतात आणि त्याचा भार गटातल्या बाकीच्यांवर जातो. ८ लाइनमध्ये पुढच्या गटात ४ लाइनचे ८ रॅम ६६ टन पेलतात, म्हणजे एकावर ८.२५. एक गेला की सातांवर ९.४ टन, मर्यादेच्या वर. १० लाइनमध्ये पुढच्या गटात १० रॅमवर ७० टन. एक गेला तरी बाकीच्यांवर ७.८ टनच येतात. सुटी नळी घेऊन तुम्ही पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जाऊ शकता. भाडं वाचवायला लाइन कमी करणारे हा हिशेब करत नाहीत.

आता गट तीन करायचे की चार? तीन गटांत ट्रेलर तिवईसारखा टेकतो, रस्ता वाकडा असला तरी चेसिस पिळवटत नाही. पण स्थिरता कमी. दोन बाजूंच्या रॅममधलं अंतर १.८ मीटर आणि मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २.९ मीटर धरा. पुढे एक गट, मागे दोन अशी समान विभागणी असेल तर गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या मधल्या उंचीवर पडतो. तिथून बाजूची रेषा फक्त ४५ सेंटिमीटर, म्हणजे उलटण्याचा कोन ९ अंशांच्याही आत. चार गटांत तो साधारण १७ अंश. उंच, अरुंद माल असेल तर चार गट आणि हळू वेग. बसका, लांब माल असेल तर तीन गट.

डेक आडवा सपाट ठेवणं ही ट्रेलर ऑपरेटरची सततची कामगिरी. वळणावर रस्त्याला ७ टक्के उतार दिलेला असेल तर ३ मीटर रुंदीत २१० मिमीचा फरक पडतो. स्ट्रोक दोन्ही बाजूंना ३०० मिमीच्या आसपास असतो, त्यातला बराचसा इथेच संपतो. ऑपरेटरने ट्रेलरच्या बाजूने चालत राहायचं, गेज बघायचे. सगळ्या गटांचे दाब सुरुवातीला पाटीवर खडूने लिहून ठेवा. वाटेत एका बाजूचा दाब दहा टक्क्यांनी चढला तर माल सरकला आहे किंवा डेक कललाय. थांबा, कारण शोधा, मगच पुढे.

पुलर आणि चढ

ताकद हॉर्सपॉवरमध्ये मोजतात, पण अडतं ते टायरच्या पकडीवर. १६८ टनांना सपाट डांबरावर ओढायला वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ३.३ टन जोर लागतो. ४ टक्के चढ आला की त्यात ६.७ टन मिळवा, झाले १०. मागच्या दोन एक्सलवर २० टन वजन असलेल्या पुलरला कोरड्या रस्त्यावर तेवढीच, फार तर थोडी जास्त पकड मिळते, ओल्या रस्त्यावर साडेसात-आठ टन. म्हणजे कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठाराकडे किंवा मांडवी ओलांडून पर्वरीला चढताना पाऊस पडला तर एकटा पुलर जागीच चाकं फिरवेल. दुसरा पुलर पुढे जोडा किंवा मागून ढकलायला लावा. मागचा पुलर उताराला धरूनही ठेवतो, म्हणून अनमोड उतरताना तो हवाच. दोन्ही ड्रायव्हर एकाच वॉकीटॉकी वाहिनीवर असावेत आणि आदेश एकानेच द्यावा.

उतारात इंजिन ब्रेक आणि रिटार्डर (चाकं न घासता वेग रोखणारं यंत्र) आधी, पायाचा ब्रेक शेवटी. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून टेम्परेचर गनने ब्रेकचे ड्रम बघा. २०० अंशांच्या पुढे गेलेला ड्रम गार होईपर्यंत हलायचं नाही. एकच ड्रम इतरांपेक्षा फार तापत असेल तर तो ब्रेक चिकटतो आहे. एकच गार असेल तर तो लागतच नाही. दुसरं जास्त वाईट.

कागद

मालाचं ड्रॉइंग, ट्रेलरवरच्या मांडणीचं ड्रॉइंग, एक्सल भाराचा तक्ता, पाहणी अहवाल, गाड्यांची आरसी, फिटनेस, विमा. राष्ट्रीय महामार्गासाठी मंत्रालयाचं पोर्टल, राज्य रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम खातं, शिवाय वाहतूक खातं, वाहतूक पोलीस, वीज खातं, लागेल तिथे रेल्वे, वन खातं, बंदर. केबलांवर तोललेल्या (केबल-स्टेड) पुलासाठी मालकाची वेगळी लेखी संमती मागा. रेल्वे आणि पूल-तपासणी सर्वांत उशिरा येतात, त्यांचे अर्ज सर्वांत आधी टाका.

ई-वे बिलात, म्हणजे जीएसटीखालच्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन बिलात, लोक हमखास अडकतात. साध्या मालाला एका दिवसाला २०० किलोमीटर, ओडीसीला एका दिवसाला फक्त २० किलोमीटर मिळतात. बिल भरताना वाहनाचा प्रकार ओडीसी निवडला नाही तर हिशेब साध्या गाडीचा धरला जातो आणि मुरगावहून कोलवाळच्या वीज उपकेंद्राला, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरला, एकाच दिवसाची मुदत मिळते. नीट निवडलं तर तीन दिवस. मुदतवाढ मूळ मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात करता येते.

तारीख ठरवताना जून ते सप्टेंबर टाळा. चतुर्थी, जुन्या गोव्याचं डिसेंबरमधलं फेस्त, नाताळ ते नववर्ष, कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुका यांचे दिवस आधीच खोडून टाका.

बांधणी

ट्रान्सफॉर्मर डेकवर ठेवण्याआधी खाली रबर मॅट हवी. कारण आकड्यात बघा. पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर धरायचा, बाजूला आणि मागे ०.५ पट. १०० टनांना पुढे ८० टन. रबर मॅटवर घर्षण ०.६ धरलं तर ६० टन मॅटच सांभाळते, साखळ्यांवर २० टन उरतात. स्टीलवर स्टील ठेवलं आणि घर्षण ०.२ धरलं तर साखळ्यांवर ६० टन येतात. १३ मिमी ग्रेड ८० साखळीची क्षमता १० टन, पण ती वर आणि बाजूला ४५-४५ अंशांत ओढलेली असेल तर पुढच्या दिशेने पाचच टन धरते. म्हणजे मॅटसह पुढच्या धक्क्यासाठी ४ साखळ्या, मॅटशिवाय १२. मागच्या दिशेसाठी आणखी वेगळ्या.

साखळी उचलण्याच्या कानाला नाही, बांधण्याच्या कानाला लावा. धारेवरून वाकत असेल तर खाली कोपरा-संरक्षक द्या, धारेवर एकच कडी वाकली की पूर्ण साखळीची ताकद त्या कडीएवढी. टर्नबकल (साखळी ताणायचा स्क्रू) घट्ट केल्यावर तारेने बांधून टाका, नाहीतर धक्क्यांनी तो उलटा फिरतो. पहिल्या ५ किलोमीटरनंतर थांबून सगळ्या पुन्हा ताणा. मॅट दाबली जाते, साखळ्या ढिल्या पडतातच. रॅचेट बेल्ट ताडपत्रीसाठी आहेत, यंत्रासाठी नाहीत.

एक्स्कॅव्हेटरला: चढवण्याआधी पट्ट्यांतला चिखल खरवडा, जांभ्याचा ओला चिखल रॅम्पवर साबणासारखा घसरतो. स्विंग लॉक लावा, बकेट लाकडावर टेकवा, चार साखळ्या खालच्या फ्रेमला चारी कोपऱ्यांत. बूमला बांधलेली साखळी फसवी, हायड्रॉलिक थंड झालं की बूम खाली बसते आणि साखळी सैल होते.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलाऐवजी नायट्रोजन किंवा कोरडी हवा थोड्या जादा दाबाने भरलेली असते. सकाळ-संध्याकाळ दाब आणि तापमान दोन्ही लिहा. रात्री गारव्याने दाब उतरणं स्वाभाविक, पण तेवढ्याच तापमानाला आदल्या दिवशीपेक्षा कमी दाब आला तर गळती आहे. इम्पॅक्ट रेकॉर्डर (वाटेत बसलेले धक्के नोंदवणारं यंत्र) निघताना सुरू आहे ना, बॅटरी किती, याचा फोटो काढून ठेवा.

उतरवणं

उपकेंद्रात चौथऱ्याशेजारी ट्रेलर लावा, जमीन दाबून घट्ट केलेली आणि प्लेट टाकलेली असावी. चार जॅक, प्रत्येकी १०० टनी, फक्त जॅकिंग पॅडखाली. एका वेळी एकाच टोकाचे दोन जॅक उचलायचे, ५० मिमीहून जास्त नाही, लगेच स्लीपर आणि शिम (पातळ पट्ट्या) भरायच्या, मग दुसरं टोक. चारही जॅक एकदम चालवले आणि एक मागे राहिला तर टाकी तिरकी होऊन बाकीच्या तिघांवर, खरं तर दोघांवरच, सगळा भार जातो. माल रचलेल्या स्लीपरवर टेकला की ट्रेलरचा डेक खाली घेऊन तो बाहेर ओढायचा.

चौथऱ्यापर्यंत रुळांवरून सरकवताना ग्रीस लावूनही १० ते २० टन जोर लागतो. दोन्ही रुळांवर दर १०० मिमीला खुणा करा आणि दोन्ही सिलिंडर एकाच खुणेवर आहेत का ते बघत जा. एक पुढे गेला की माल अडकतो, आणि जोर वाढवला की रूळ वाकतो. जागेवर आल्यावर उलट्या क्रमाने, शिम एकेक काढत, खाली. नंतर इम्पॅक्ट रेकॉर्डरचा आलेख ग्राहक आणि उत्पादकाच्या माणसासमोर काढून तिघांच्या सह्या घ्या, गॅसचा शेवटचा दाब त्याच कागदावर लिहा, आणि वाटेत काढलेले दुभाजकाचे दगड, पाट्या, खांब पाहणीच्या फोटोंशी ताडून परत बसवून घ्या. परवानगीसाठी भरलेली अनामत त्यावरच सुटते.